बयनाबाईची ओटी

बयनाबाईचं माप घ्यायला मला टेप लागत नाही. दरवर्षी दसऱ्याच्या आधी ती एक फिकं कापड काखेत मारून माझ्या दुकानात यायची, बाकाच्या टोकावर बसायची आणि म्हणायची, "मागच्यावानीच शिव, मास्तरीन." बंद गळा, कोपरापर्यंत बाही, मागे नाडी नाही, लटकन नाही. मी चिडायची. "अवो, पन्नाशीच्या बाईनं आजीबाईवानी काऊन राहावं? जरा मागचा गळा मोठा ठेवू का?" ती हसायची. "पाठ वाकूनच राह्यते वं सदाची. कोन पाह्यते?"

माझं दुकान तेलंगणात, आदिलाबादजवळच्या जैनथच्या बस स्टँडसमोर आहे. पाटी तेलुगूत, आतलं बोलणं मराठीत, आणि ब्लाउजला दोन्हीकडच्या बाया जाकीटच म्हणतात. मास्तरीन हे नाव मला चिडवायला ठेवलेलं. मी बी.ए., बी.एड. आहे. मराठी शाळेच्या जागांची वाट बघता बघता वय उलटून गेलं, मग मी शिलाई मशीन घेतली. त्याचा राग अजून माझ्या अंगात आहे आणि तो गिऱ्हाइकांवर निघतो, हे सगळ्या मंडलाला, म्हणजे तालुक्याला, ठाऊक आहे. बोलते मी घरच्यासारखीच, पण लिहिताना शुद्ध लिहिते. बी.एड.चं काहीतरी सार्थक व्हायला नको का?

बयनाबाई आणि मी एकाच गावच्या. आमचं गाव जैनथहून पेनगंगेच्या बाजूला, ऑटोनं जाण्याइतक्या अंतरावर; मी रोज तिथूनच दुकानात येते. तिचं माहेर नार्नूरकडचं. ती लग्न होऊन गावात आली तेव्हा मी शाळेत होते, आणि त्या वर्षीची बतकम्मा मला अजून आठवते. बतकम्मा म्हणजे फुलांची उतरंड मधे ठेवायची आणि बायांनी गोल धरून तिच्याभोवती फिरायचं. कमरेत वाकायचं, टाळी वाजवायची, सरळ व्हायचं, पुढे सरकायचं. सण तेलुगू, पण आमच्या गावात मराठी बायाही तितक्याच हौसेनं खेळतात. हौस दांडगी, अन् तालाच्या नावानं बोंब. त्यात ही नवी नवरी शिरली आणि सगळं रिंगण तिच्या टाळीवर चालायला लागलं. आमचं घर बौद्ध. माझे वडील शिक्षक होते, ते म्हणायचे, त्या भानगडीत आपण पडायचं नाही. मी शाळेच्या पायरीवर बसून बघायची. खरं सांगते, मला तिचा हेवा वाटायचा.

तिचा नवरा महिपत म्हणजे शब्द मोजून वापरणारा माणूस. बतकम्माच्या संध्याकाळी तो कडुलिंबाखाली उभा राहून बायकोला बघत राहायचा. बाकीचे गडी त्याची टिंगल करायचे, पण तो जागचा हलायचा नाही. पुढे एकदा वावरातली मोटर सुरू करायला गेला आणि करंट लागून तिथेच गेला. मयूरी, त्यांची एकुलती एक पोरगी, तेव्हा दहावीत होती.

त्यानंतर बयनाबाईला कुणी "येऊ नको" म्हटलं नाही. असं तोंडावर कोण म्हणतं? पुढच्या बतकम्माला ती गेली, तर रिंगणात तिला दोन बायांच्या मधे जागाच सापडेना. ती इकडे आली की या बाया एकमेकींना चिकटायच्या, तिकडे गेली की त्या. तिची मोठी जाऊ द्वारकाबाई रिंगणात पुढेच होती, तिनं मान वर केली नाही. बयनाबाई थोडा वेळ उभी राहिली आणि घरी गेली. त्यानंतर हळदीकुंकू, डोहाळजेवण, बतकम्मा, सगळ्यातून ती आपली आपण गळली. वावर, घर आणि वर्षाचं एक फिकं जाकीट, एवढंच तिचं चालू राहिलं.

द्वारकाबाई दुष्ट बाई नाही, हे मला कबूल करावं लागतं. महिपत गेला तेव्हा या दोघी मायलेकींच्या तोंडात घास घातला तो तिनंच. मयूरीच्या कॉलेजलाही तिनं नवऱ्याशी भांडून मदत केली. पण रीतीभातीचा विषय निघाला की तिच्या डोक्याला कुलूप लागतं, आणि किल्ली कुठे आहे ते तिलाही माहीत नसतं.

मयूरी आदिलाबादला पॉलिटेक्निक झाली आणि हैदराबादला कंपनीत लागली. तिथे तिला नाचाचं वेड लागलं. वेड म्हणजे साधं नाही. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी अंगाला मशिनी बांधून नाचतात. हात हलवला की आवाज येतो, वाकलं की दिवा लागतो, असलं काहीतरी. मोबाइलवर तिनं मला एकदा दाखवलं. काळ्या कपड्यातली एक पोरगी जमिनीवर लोळत होती आणि मागे भिंतीवर तिच्या छातीचे ठोके रेघांसारखे धावत होते. मी विचारलं, "हे काय दवाखान्यातलं हाय का?" मयूरी म्हणाली, "ताई, बाईच्या अंगावर काय काय लादलेलं असते, थे लोकाइले दिसत नाई. म्हनून आमी थे दिसन, ऐकू येईन असं करतो." मी म्हटलं, "मग तोंडानं सांगा ना. वायर कायले?" ती म्हणाली, "तोंडानं सांगून कोनं ऐकलं आतापर्यंत?" यावर मी तिला चहा दिला.

यंदा दिवाळी झाल्यावर ती सुट्टी काढून आली ती पिशवीभर सामान घेऊनच. कापूस फुटला होता, वेचणी चालू होती. ती दुकानात आली आणि माझ्यासमोर आईची ओटी टाकली. कापूस वेचायला जाताना बाया कमरेला जुन्या लुगड्याचं फडकं बांधतात, समोर झोळी होईल असं. वेचलेला कापूस त्यात टाकत जायचा. त्याला आम्ही ओटी म्हणतो. मयूरीला त्या फडक्यात एक दोरा शिवून हवा होता. दिसायला चंदेरी, पण स्टीलचा. त्यातून वीज फिरते म्हणे. फडकं ताणलं की दोरा ताणतो, दोरा ताणला की काडेपेटीएवढ्या एका डबीला ते कळतं आणि डबी स्पीकरमधून आवाज काढते. जितका ताण, तितका मोठा आवाज.

तो दोरा शिवताना माझ्या मशीनच्या सुया मटामट मोडल्या. बॉबिनमध्ये गुंता, टाके उसवलेले, मी दोऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेवटी मयूरी वेटोळी आखत गेली आणि मी हातानं टाके घालत गेले. दोघींचे डोळे दुखून आले, पण ओटी तयार झाली.

ती बांधायला बयनाबाईनं साफ नकार दिला. "करंट हाय त्याच्यात?" तिनं विचारलं. मयूरी म्हणाली, "मोबाइलच्या बॅटरीहून लहान बॅटरी हाय, आई. काही होत नाई." बयनाबाई दाराकडे सरकली. पोरीला आपण काय बोलून बसलो ते तेव्हा कळलं आणि तिचा चेहरा उतरला. मला ते बघवेना. मी ओटी उचलली आणि स्वतःच्या कमरेला बांधली. "मेले तं जाकीट कोनाकडून शिवसान?" असं म्हणत मी कैची उचलायला वाकले.

आणि माझ्या मागून बयनाबाईचा श्वास ऐकू आला. हं... हं... आत ओढलेला, मधेच अडकलेला, मग सुटलेला. मी दचकून वळले. मागे कुणीच नव्हतं, बयनाबाई दारातच उभी होती. आवाज कापायच्या टेबलावरच्या स्पीकरमधून येत होता. मयूरीनं आठवडाभर आईच्या जाकिटात मोबाइल खोचून तिला वेचणीला पाठवलं होतं, आणि वावरातला तो तिचा दम भरून ठेवला होता. मी सरळ झाले तर आवाज बंद. वाकले की पुन्हा सुरू.

बयनाबाई दारातून आत आली. "ही मी हाय?" तिनं विचारलं. "तूच," मयूरी म्हणाली. "इतकी धापा टाकते मी?" तिनं माझ्या कमरेची गाठ सोडली, ओटी स्वतःच्या कमरेला बांधली आणि हळूच वाकली. स्पीकरमधून तिचाच श्वास तिला ऐकू आला. ती सरळ झाली, पुन्हा वाकली. कितीतरी वेळ ती तेच करत राहिली. मी तिला इतकी वर्षं ओळखते, पण स्वतःकडे लक्ष देताना तिला पहिल्यांदा पाहिलं.

मयूरीचा बेत असा होता की हैदराबादला जाऊन ही ओटी बांधून स्वतः नाचायचं, आईची वेचणी आपल्या अंगानं करायची. दोन दिवसांनी सकाळी मी ऑटोला जाताना त्यांच्या आंगणाशी थांबले, तर आत बयनाबाई ओटी बांधून फिरत होती. वेचत नव्हती. वाकायची, टाळी वाजवायची, सरळ व्हायची, पुढे सरकायची. प्रत्येक वाकण्याला हं, आणि त्यावर टाळी. इतक्या वर्षांनी तिची टाळी जशीच्या तशी होती. मयूरी उंबऱ्यात बसून रडत होती आणि मी कुंपणाशी उभी राहून नाक पुसत होते. त्या दिवशी ऑटो चुकली.

"हे मी करते," बयनाबाई पोरीला म्हणाली. "पन हैद्राबादले नाई. इथी. आपल्या बायाइच्या समोर."

मयूरी घाबरली. "आई, थे उठून जातीन."

"जाऊ दे. मले एकदा त्यायच्या मधात उभं राहाचं हाय. बसल्या तं बसल्या, गेल्या तं गेल्या."

तिला काय हवं होतं ते तिनं इतकं सरळ सांगितलं. कार्यक्रम नको, टाळ्या नको. ज्या बायांनी तिच्यासाठी जागा केली नाही त्यांच्या मधोमध एकदा उभं राहायचं होतं. मला धास्ती वाटली. बाई पुन्हा एकदा अशीच परत आली तर ती त्यातून उठायची नाही, असं मला वाटत होतं. तसं मी बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "मास्तरीन, तू फक्त गाठ पक्की राहीन असं पाह्य."

शाळेचं मैदान मिळालं. दवंडीचं काम राजकुमारकडे दिलं. हा आमचा ऑटोवाला, त्याच्या ऑटोवर भोंगा आहे, आणि आमच्याकडची रीत अशी की आधी तेलुगूत पुकारायचं, मग मराठीत. मयूरीनं त्याला एका कागदावर एवढंच लिहून दिलं: ओटी, सादर करणार बयनाबाई, संध्याकाळी, शाळेचं मैदान. आता तेलुगूत ओटीला काय म्हणायचं? राजकुमारच्या बहिणीची ओटी नुकतीच भरली होती. माहेरचे लोक लेकीच्या पदरात हळदीचे तांदूळ घालतात, तेलुगू लोक त्याला वडिबिय्यम म्हणतात. त्यानं खुशाल पुकारलं, शाळेत वडिबिय्यम आहे, सगळ्या महिलांनी यावं. आणि एकदा तेलुगूत तसं म्हटल्यावर मराठीत तरी तो दुसरं काय म्हणणार? "ओटी भरण्याचा कार्यक्रम, हो!" असं ओरडत तो आख्ख्या गावातून फिरला. मी दुकानात होते आणि मयूरी वायरी जोडत होती, त्यामुळे आम्हाला पत्ताच नाही.

संध्याकाळी मैदानात बाया बघून आधी आम्हाला आनंद झाला. एवढ्या बाया! मग मला त्यांच्या हातातली ताटं दिसली. तांदूळ, नारळ, सुपाऱ्या, हळदीकुंकू, जाकिटाचे खण. नव्या साड्या नेसून, केसांत शेवंती माळून बाया सतरंजीवर बसल्या होत्या, आणि सगळ्यांत पुढे द्वारकाबाई, मांडीवर भलंमोठं ताट घेऊन.

"कोनाची ओटी हाय वं?" द्वारकाबाईनं मला विचारलं. "मयूरीचं जमलं काय कोठी? आमाले सांगतलं बी नाई."

मी राजकुमारकडे असं बघितलं की तो ऑटोमागे गेला. मयूरी पुढे झाली, हात जोडून सांगायला लागली की मोठी आई, चूक झाली, ही भरायची ओटी नाही, वेचायची ओटी आहे, आई नाचणार आहे. एवढं ऐकल्यावर मागून कुजबुज सुरू झाली. कोण नाचणार? बयना? ओटी बांधून? दोघीतिघी उठल्याही. द्वारकाबाई ताट उचलून उभी राहिली. रागावली नव्हती, पण तिचा चेहरा बंद झाला होता. "ओटीच्या नावानं बोलावलं अन् हे काय काढलं पोरी? असं कोठी करतेत काय?"

तेवढ्यात स्पीकरमधून तो श्वास आला.

बयनाबाई कुणाची वाट न बघता शाळेच्या पायऱ्या उतरत होती. मीच शिवलेलं फिकं जाकीट, कमरेला ओटी, पदर खोचलेला. मैदानात मयूरीनं कापसाच्या पऱ्हाट्या रोवून ठेवल्या होत्या, पांढऱ्या बोंडांनी भरलेल्या. ती वाकली आणि वेचायला लागली. हं... हं... उठलेल्या बाया जागच्या जागी थांबल्या. त्या सगळ्या दिवसभर वावरात वेचून आलेल्या होत्या. तो आवाज त्यांना ओळखू येत नव्हता असं नव्हतं. तो रोज त्यांच्या प्रत्येकीच्या छातीत असतो, पण बाहेरून, इतका मोठा, कुणी ऐकला होता? एकीनं नकळत स्वतःच्या कमरेवर हात ठेवला. मला माझ्या आईची आठवण आली. तीही लोकांच्या वावरात वेचायला जायची, आणि तिचा दम मी कधी ऐकलाच नव्हता.

कापूस ओटीत पडत होता, पण कापसाला वजन ते कितीसं. आवाज पुढच्या रांगांपर्यंतच पोचत होता, मागच्या बाया मान उंच करून बघत होत्या. मग बयनाबाई वेचता वेचता, तशीच वाकलेली, पऱ्हाट्यांतून बाहेर आली आणि सरळ बायांमध्ये शिरली. मयूरीनं माझा दंड धरला. असं काही ठरलेलं नव्हतं.

द्वारकाबाईसमोर येऊन तिनं ओटीची दोन टोकं धरून पसरली. विधवा बाईनं भरल्या ताटापुढे ओटी पसरावी, असं आमच्या गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. द्वारकाबाईचा हात ताटावर तसाच राहिला. तिला देताही येईना आणि जाताही येईना. मला इतका राग आला, द्वारकाबाईचा, त्या ताटांचा, राजकुमारचा, सगळ्यांचाच, की मी काहीतरी बोलणारच होते.

बयनाबाई त्याआधी बोलली, अगदी हळू. "कापूस हलका हाय, बाई. आवाज मागं जाऊन नाई राह्यला. तांदूळ टाका. मले वजन पाह्यजे, मान नाई."

द्वारकाबाईनं तिच्याकडे बघितलं. दहा-अकरा वर्षांत पहिल्यांदाच नीट बघितलं असेल. वजन घालायला रीत आडवी येत नाही, एवढं त्या कुलूपबंद डोक्यालाही पटलं असावं. तिनं ओंजळ भरून तांदूळ ओटीत घातले. स्पीकरमधला श्वास जाड झाला. मग तिनं नारळ ठेवला, आणि आवाज शाळेच्या भिंतीवर जाऊन आपटला. मागच्या बाया हसल्या. मग दुसरी आली, तिसरी आली. "आमचं बी घ्या वजन," म्हणत बाया उठायला लागल्या. तांदूळ, सुपाऱ्या, नारळावर नारळ. हसत होत्या, आणि हसता हसता दोघी-चौघी डोळेही पुसत होत्या. कुंकू मात्र कुणी लावलं नाही. तेही मी बघत होते.

ओटी भरली. मयूरीनं बसवलेला शेवट असा होता की आईनं सरळ उभं राहायचं आणि श्वास थांबायचा. बयनाबाई सरळ झाली. श्वास थांबेना. ओझ्यानं फडकं ताणलेलं, त्यामुळे ती उभी असूनही स्पीकर धापा टाकतच होता. तिनं पाठ आणखी ताठ केली, मान वर केली. उपयोग नाही. वजन मागितलं होतं, ते मिळालं होतं, आणि आता तेच तिला सरळ होऊ देत नव्हतं. मयूरी मशीन बंद करायला धावणार होती. बयनाबाईनं हातानं थांब म्हटलं.

तिनं पाठीमागे हात नेऊन गाठ सोडली. ओटीचं गाठोडं दोन्ही हातांनी उचलून द्वारकाबाईच्या हातात दिलं. "धरा, बाई, जरा वेळ." फडकं सैल पडलं आणि आवाज थांबला. त्या शांततेत ती बायांच्या मधोमध मोकळी उभी राहिली. मग वाकली. काही आवाज आला नाही. टाळी वाजवली. सरळ झाली, पुढे सरकली, पुन्हा वाकली, पुन्हा टाळी.

एक टाळी, दोन टाळ्या. बाया बघत होत्या, कुणी हलत नव्हतं. ती एकटीच गोल फिरत होती आणि तिचा चेहरा शांत होता, पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आता कुणी उठलं नाही तर? मी चपला काढल्या. वडील मनात काय म्हणाले ते मी ऐकलं नाही. मी तिच्यामागे जाऊन वाकले आणि टाळी वाजवली, चुकीची. मग एक तेलुगू अक्का उठली, मग तिची सून. ताल ओळखीचा होता, हात आपोआप वर येत होते. बघता बघता रिंगण धरलं गेलं.

द्वारकाबाई तेवढी ते गाठोडं छातीशी धरून उभी होती. तिचे पाय हलत होते, पण हात अडकलेले. भरलेली ओटी जमिनीला टेकवायची नसते, आणि जी बाई रीत मोडत नाही ती ओटी खाली कशी ठेवणार? तिनं इकडेतिकडे बघितलं. मग त्या फडक्याची टोकं स्वतःच्या कमरेला बांधली आणि रिंगणात शिरली. ताण बसताच धाप सुरू झाली, आणि टाळी द्यायला ती वाकली तेव्हा तर मैदानभर घुमली.

हं... हं...

सगळं रिंगण थांबलं. द्वारकाबाईनं दचकून पोटावर हात ठेवला. पुन्हा थोडी वाकली. पुन्हा तोच दम, अडकलेला, सुटलेला. तिचा नव्हता तो. घरात, खळ्यात, वावराच्या बांधावर, तो तिनं आयुष्यभर शेजारून ऐकलेला असणार.

"हे तं तुहं हाय, बयना," ती म्हणाली.

"हो, बाई. वावरातलं हाय."

"एवढं?"

मयूरी मशीनपाशी उभी होती, पण तिनं आवाज बंद केला नाही. द्वारकाबाई रडली नाही, ती रडणाऱ्यातली नाही. तिनं शेजारच्या बाईला खांद्यानं जरा पलीकडे ढकललं आणि दोघींच्या मधे एका बाईपुरती जागा केली. "ये इकडं," ती म्हणाली. "ताल तू धर. यायले येत नाई."

बयनाबाई त्या जागेत येऊन उभी राहिली आणि टाळी दिली. रिंगण फिरायला लागलं. मी म्हटलं, द्वारकाबाई, ओटी सोडा, मी धरते, तुमाले जड होईन. तिनं मान हलवून नाही म्हटलं. अंधार पडेपर्यंत तिनं ती गाठ सोडली नाही. बयनाबाई मोकळ्या अंगानं वाकत होती, आणि तिचा दम द्वारकाबाईच्या कमरेतून येत होता.